रिळांच्या खोलीतले अप्पा

आमच्या कचेरीत कूलर एकच होता आणि तो मेलेल्या माणसांसाठी होता. साहेबांच्या डोक्यावर कुरकुरणारा पंखा आणि आम्हां बाकीच्यांच्या डोक्यावर तापलेला पत्रा. जुन्या जन्ममृत्यूच्या नोंदींची रिळं ज्या खोलीत ठेवली होती तिथं मात्र वाळ्याच्या ताट्यांचा भलामोठा कूलर, आणि त्याच्यासमोर पांढरं धोतर, पांढरा सदरा, कपाळावर भस्माचे तीन पट्टे अशा थाटात बसलेले अप्पा. उन्हाळ्यात साहेब काहीतरी निमित्त काढून त्या खोलीत येत आणि खुर्ची ओढायला लागले की अप्पा उठून उभे राहत. "साहेब, श्वासानं रिळाला ओल धरती. बाहेर बोलूत." साहेब गुपचूप बाहेर येत. तो कूलर दिवसभर ओली हवाच तर फेकत असे, हे त्यांच्या कधी लक्षात आलं नाही. माझ्या लक्षात आलं होतं, पण मी बोलले नाही. साहेबाला खोलीबाहेर काढणारा कारकून मी पुढच्या सगळ्या नोकरीत दुसरा पाहिला नाही.

लातूर जिल्हा तेव्हा नवाकोरा होता. पाट्या रंगवून झाल्या होत्या, कचेऱ्या मात्र भाड्याच्या घरांत होत्या. जुन्या जिल्ह्यातून ट्रकनं आलेले कागदांचे बस्ते व्हरांड्यात भिंतीशी रचून ठेवलेले असत आणि त्यांच्यावर शिपाई बसून डबा खात. माणसं कमी म्हणून मला नांदेडहून तिकडं पाठवलं. माझं माहेर भोकरचं. लातूर मी तोवर एसटीच्या खिडकीतूनच बघितलं होतं.

निजामाच्या काळात गावोगावच्या जन्ममृत्यूच्या नोंदी उर्दूत होत. ती बुकं हातात धरली की तुकडे पडू लागले, तेव्हा कुणा शहाण्या माणसानं त्यांचे फोटो काढून रिळं करून ठेवली होती. रीळ यंत्रात चढवायचं, कडी फिरवायची, की काचेवर काळं पान आणि त्यावर पांढरी अक्षरं सरकत जात. यंत्र चालवणारे आणि ती घसटी, घाईघाईनं लिहिलेली उर्दू वाचणारे अख्ख्या इमारतीत एकटे अप्पा. त्यांची शाळा निजामाच्या राज्यातली. रिळं लातूरकडच्या तालुक्यांची होती, शिवाय बिलोली-देगलूरकडचीही काही तात्पुरती म्हणून आमच्याकडं आली होती. सरकारात तात्पुरतं म्हणजे किती वर्षं, ते सांगायला नको.

लोक यायचे ते नाना कारणांनी. कुणाला वयाचा दाखला हवा, कुणाला वारसाची नोंद, आणि कुणाला नुसतंच आपला पणजा कोण होता ते बघायचं असे. अप्पा आधी छापील अर्ज पुढं करत. नाव, नातं, गाव, अदमासे साल. गावाचा रकाना रिकामा असेल तर अर्ज परत. मग ते समोरच्याला विचारत, "आज्याचं नाव सांगितलं. आजीचं?"

माणूस गडबडे. "आजीचं... आम्ही आजीच म्हणायचो जी."

"आन् तिचं माहेर?"

"ते काय ठावं न्हाई."

"मग पैल्यांदा घरी जा, म्हाताऱ्या बायांला इचारून या. गड्याचं एक गाव असतं, बाईचे दोन असतेत. पहिलं लेकरू माहेरात व्हतं, त्याची नोंद माहेरात. तुम्ही इथं बापाच्या गावात बसून धुंडून राहिलात तर जन्मभर सापडत न्हाई."

पन्नास मैलांवरून आलेल्या माणसाला ते असं परत पाठवत. पहिल्या महिन्यात मला त्यांचा फार राग आला. एवढ्या उन्हात आलेल्या माणसाला आजीच्या माहेरासाठी कशाला पिटाळता, असं मी एकदा तोंडावर म्हणालेसुद्धा. त्यांनी माझ्याकडं बघितलंही नाही. पंधरा दिवसांनी तोच माणूस परत आला, आजीचं गाव सांगितलं आणि अर्ध्या तासात त्याच्या बापाची नोंद निघाली. माणूस काचेसमोर उभा राहून रडला. अप्पांनी त्याला रडू दिलं, यंत्राचा दिवा मात्र मालवला, कारण दिव्यानं रीळ तापतं.

आलेल्या कुणाचा चहा ते घेत नसत. "मेलेल्याच्या कामाचा च्या नको," म्हणत. आणि मेलेल्यांबद्दल ते नेहमी आत्ता असल्यासारखं बोलत. "हे सोनार तीन भाऊ हायेत. मधला लई हुशार, सगळ्यांच्या नोंदी तोच सांगायला येतो." साठ वर्षांपूर्वी मेलेला तो मधला सोनार दुपारी चहाला येईल की काय असं मला वाटायचं.

एकदा लातुरातला एक बडा व्यापारी आला. त्याला घराण्याची पुस्तिका छापायची होती. पणजोबा निजामाच्या दरबारात मानाच्या जागी बसायचे, असं त्याच्या घरात पिढ्यानपिढ्या सांगत आलेले. अप्पांनी रीळ लावलं, कडी फिरवली, नोंद काढली आणि पेशाच्या रकान्यावर बोट ठेवलं. "हमाल," ते म्हणाले. "लई कष्टाळू माणूस दिसतो."

व्यापाऱ्याचा चेहरा उतरला. "दुसरं रीळ बघा की अप्पा. असंल एखादं."

"आज्याचा बाप बदलून पायजे असंल तर सिनेमाचं रीळ लावावं लागंल. आमच्याकडं हेच हाय."

तो तणतणत गेला. अप्पांनी त्याची नक्कल तरीही स्वच्छ अक्षरात काढून फडताळात ठेवली. वर्षभरानं त्याची सून आली आणि ती नक्कल घेऊन गेली.

मला उर्दू त्यांनीच शिकवली. "अलिफपासून शिकू नको. नावापासून शिक. माणसाचं नाव वाचता आलं म्हंजे बाकीचं आपोआप येतं." मी नावं वाचायला शिकले, मग महिने, मग मरणाची कारणं. ताप, हैजा, साप. मला अजूनही उर्दूत फुलांची नावं येत नाहीत, रोगांची येतात.

अप्पांची स्वतःची गोष्ट मला कळली ती मी पहिल्या बाळंतपणाच्या रजेचा अर्ज दिला तेव्हा. ते म्हणाले, "भोकरला चाललीस? तिथं नोंदवताना लेकराच्या आईचं नाव लिहायला लाव. माहेरचं अन् सासरचं, दोनी."

"कामून हो अप्पा?"

एरवी उत्तर न देणाऱ्या माणसानं त्या दिवशी दिलं. त्यांची आई पहिलटकरीण होती. बाळंतपणाला माहेरी गेली आणि तिथंच गेली. सहा-सात महिन्यांचं पोर मामानं उदगीरजवळ त्यांच्या गावी आणून सोडलं आणि तो आल्या पावली परत गेला. तुम्ही लेकीला उशिरा पाठवलं, असं माहेरचे म्हणत. तुम्ही तिच्याकडं बघितलं नाही, असं सासरचे म्हणत. दोन्ही घरांचं बोलणं बंद झालं ते कायमचं. बापानं दुसरं लग्न केलं आणि त्या घरच्या रीतीनं दुसरीचंही नाव तेच ठेवलं, पार्वती. सावत्र आईनं काही कमी केलं नाही. पण पहिल्या पार्वतीचं माहेरचं नाव काय, गाव कोणतं, हे घरात कुणी उच्चारत नसे.

"लगीन ठरलं तवा एकदा बापाला इचारलं. तो ताटावरून उठून गेला. फिरून म्या इचारलं न्हाई, तेनं सांगितलं न्हाई. आत्या म्हनायची, तो तिच्या मातीलाबी गेला न्हाई. चुलती एकदा बोलून गेली, उगवतीकडलं गाव हाय, गाडीनं दोन दिवसांची वाट, तेलंगी बोलतेत तिकडं. आता दोघीबी न्हाईत अन् बापबी न्हाई."

मी म्हणाले, एवढ्या वर्षांनी कळून तरी काय करणार?

"आमच्यात जाळत न्हाईत, माय. पुरतेत. जाळलं असतं तर राख गेली उडून, असं म्हनलं असतं. पुरलंय म्हंजे ती कुठंतरी हाय. तिथं जाऊन यायचंय एकदा."

एवढंच त्यांना हवं होतं. कोणत्या गावच्या मातीत आई आहे, ते. आणि ते कळण्याची जागा एकच होती, बिलोली-देगलूरकडची रिळं, आणि ती अप्पांच्याच ताब्यात होती. कोणालाही वाटेल, मग अडलं काय? अडलं होतं ते अप्पांपाशीच. अर्जाशिवाय रीळ चढवायचं नाही हा त्यांचा नियम, आणि गावाचं नाव नसेल तर अर्ज घ्यायचा नाही हाही त्यांचाच. गाव तर त्यांना ठाऊक नव्हतं. मी म्हणाले, मी माझ्या नावानं अर्ज करते.

"गाव काय लिहशील?"

"लिहीन कोणतंही."

"मग खोटा अर्ज झाला की."

सवलत त्यांनी स्वतःला दिली होती ती एकच. रिळं चिकटू नयेत म्हणून वर्षातून एकदा प्रत्येक रीळ उलगडून पुन्हा गुंडाळावं लागे. ते कामच होतं. उगवतीकडची रिळं गुंडाळताना ते यंत्राचा दिवा लावत आणि कडी जरा सावकाश फिरवत. जेवढं डोळ्यांखालून जाईल तेवढं वाचायचं, थांबायचं नाही, मागं फिरायचं नाही. असं त्यांचं चाललेलं होतं. याला प्रामाणिकपणा म्हणायचं की खुळेपणा, ते मला तेव्हा कळलं नाही आणि आजही शपथेवर सांगता येणार नाही.

मी मुलगी घेऊन परत आले त्या वर्षी पाऊस रुसला तो रुसलाच. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात नळ कोरडे, विहिरी कोरड्या. आमच्या गल्लीत टँकर आला की बायका घागरी घेऊन अशा धावत की पदराचं भान नसे, आणि त्यांत मीही असायची. कचेरीत फक्त पिण्याचं पाणी येऊ लागलं. साहेबांनी कूलरला पाणी बंद केलं. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही; माणसं तहानलेली असताना कूलर काय भिजवायचा.

दुसऱ्या दिवसापासून अप्पा सायकलला दोन डबे लटकावून येऊ लागले. घरचं पाणी. मी एकदा त्यांच्या घरी गेले तेव्हा त्यांच्या बायकोनं मला भाकरी वाढता वाढता गाऱ्हाणं सांगितलं. "बग की माय, स्वोता ओल्या फडक्यानं आंग पुसतेत, लिंगपूजेला वाटीभर घेतेत अन् ऱ्हायलेलं फोटूंला नेऊन पाजतेत. शेजारणी हासतेत मला." अप्पा खाली मान घालून जेवत होते. "त्या फोटूत शेजारणीच्या सासऱ्याचा बापबी हाय," ते म्हणाले, "सांग तिला."

दोन डब्यांनी एवढा कूलर किती चालणार? खोली तापली आणि एके दिवशी दार उघडल्याबरोबर लोणच्याची बरणी नासल्यासारखा आंबूस वास आला. रिळं खराब व्हायला लागली होती. साहेबांनी वर कळवलं. वरून उत्तर आलं, योग्य ती कार्यवाही करावी.

अप्पांनी कार्यवाही केली. कोऱ्या वह्या आणल्या आणि हातानं नकला उतरवायला घेतल्या, मूळ नोंद जशीच्या तशी, मराठीत. ते वाचत आणि मी लिही. साडेसातला यायचं, ऊन तापेस्तोवर लिहायचं. क्रम त्यांनी ठरवला होता. ज्यांचे अर्ज आलेले आहेत ती गावं आधी.

मी म्हणाले, "अप्पा, उगवतीकडची चार-पाच रिळं आधी घेऊ. लोकांची आठ दिवस थांबतील."

"त्या गावांचा अर्ज न्हाई."

"तुमचा आहे की!"

"कुठाय? दाखव."

भांडणात त्यांना हरवणं शक्यच नव्हतं. त्याच सुमारास त्यांना ऊन लागलं आणि चार दिवस ते घरी पडून होते. किल्ली माझ्याकडं होती. यंत्र मला चालवता येत होतं, नावं वाचता येत होती. त्या चार दिवसांत मी बिलोलीकडची रिळं चढवू शकले असते. मी चढवली नाहीत. मी अर्जांच्या क्रमानंच काम करत राहिले आणि वर अप्पा आल्यावर त्यांना वही दाखवून शाबासकी घेतली. त्या शाबासकीची मला लाज वाटते. पुढं कितीतरी वर्षं, काही चांगलं झालं की ती वही आठवायची आणि तोंडाची चव जायची.

मृगाच्या तोंडावर आम्ही उगवतीच्या रिळांपाशी पोचलो. पहिलं रीळ सुटेना. अप्पांनी नखानं हळूच कडा सोडवली, तशी वरची काळी साल खालच्या थराला चिकटून आली आणि नुसती पांढरी पट्टी हातात राहिली. एका गावाचं एक वर्ष गेलं. दुसऱ्या रिळाचंही तेच. तिसरं त्यांनी सोडवायचा प्रयत्नच केला नाही. डब्यात ठेवलं, झाकण लावलं, वर चिठ्ठी चिकटवली, 'वाचण्याजोगे नाही', तारीख घातली आणि सही केली. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "च्या पिऊन ये. तुझं पोर घरी वाट बगत असंल." मी पायऱ्यांवर येऊन बसले आणि ढसाढसा रडले.

पुढं ते निवृत्त झाले, माझी बदली नांदेडला झाली. दिवाळीला मी पत्र टाकायची, नंतर नंतर फोन करायची. त्या विषयावर आम्ही पुन्हा बोललो नाही.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी नांदेडात जुनी बुकं स्कॅन करून संगणकावर चढवायचं काम निघालं आणि तिथल्या व्हरांड्यातले बस्ते सुटले. सगळ्यांनी गेली म्हणून समजलेली बिलोलीकडची मूळ बुकं त्यांत होती! वाळवीनं कडा खाल्लेल्या, पण मधली अक्षरं शाबूत. कंत्राटावरच्या मुलांनी ती भराभर स्कॅन केली, गावांची नावं टाकली आणि पडद्यावर गाव निवडलं की पानं दिसू लागली. यंत्राच्या कडीपेक्षा कितीतरी सोपं. मी रोज जेवणाच्या सुट्टीत बसू लागले, अप्पांच्या बापाचं नाव शोधत. कोणाची परवानगी घेतली नाही, अर्ज केला नाही. चार महिने गेले, आणि एका दुपारी ते नाव माझ्यासमोर आलं. मुलगा जन्मला. बापाचं नाव तेच, आज्याचं तेच, राहणार उदगीरजवळचं तेच गाव. पडद्यावर वर गावाचं नाव होतं, चिंचाळा.

मी तिथूनच फोन लावला. अप्पा नव्वदीला टेकले होते, डोळे जवळजवळ गेलेले. मुलानं फोन त्यांच्या कानाला धरला.

"अप्पा, गाव सापडलं. चिंचाळा. बिलोलीकडचं चिंचाळा!"

अप्पांनी गावाचं नाव एकदा पुटपुटलं. मग म्हणाले, "कागदावर बघून सांगून राहिलीस का फोटूत?"

"संगणकावर, अप्पा."

"फोटू काढनाऱ्या पोरांला उर्दू येती का?"

"नाही."

"मग बुक कोणत्या बाजूनं उघडलं त्यांनी?"

उर्दूचं बुक उजवीकडून सुरू होतं. मुलांनी ते मराठी वहीसारखं डावीकडून उघडून शेवटच्या पानापासून स्कॅन करत नेलं होतं. एका बुकात पाच-सहा गावं, आणि प्रत्येक गावाच्या पहिल्या पानावर कोणीतरी मराठीत पेन्सिलीनं गावाचं नाव लिहिलेलं. उलट्या क्रमात ते नावाचं पान त्या गावाच्या नोंदी संपल्यावर येई, आणि मुलांना वाटे की इथून पुढं हे गाव. त्यामुळं बुकातल्या प्रत्येक गावाची माणसं शेजारच्या गावाच्या नावावर गेली होती. इतकी वर्षं उर्दू वाचूनही मला ते दिसलं नाही, आणि आंधळ्या म्हाताऱ्याला लातुरात बसून दिसलं.

मी मूळ बुक मागवलं, उजवीकडून उघडलं. ती नोंद दौलतापूरची होती. पान उलटलं तर मृत्यूची नोंदही होती. ती मी दोनदा वाचली, एक ओळ तर चार वेळा. दोन्ही पानांच्या नकला घेतल्या आणि दुसऱ्या दिवशी लातूरची गाडी धरली.

लातूरला त्या उन्हाळ्यात पाणी रेल्वेनं येत होतं. अप्पांच्या दारात निळे पिंप रांगेनं उभे होते. ते बाजेवर बसले होते, वाळून एवढेसे झालेले, भस्माचे पट्टे मात्र तसेच. मी पाया पडले. त्यांनी तब्येत विचारली नाही, मुलीची चौकशी केली नाही.

"वाच," म्हणाले.

मी जन्माची नोंद वाचली. निजामी पंचांगातल्या दै महिन्याची पाच तारीख. मग मृत्यूची. "नागम्मा. बापाचं नाव इरन्ना, राहणार दौलतापूर. उमर अठरा. तारीख सहा दै. सबब, जचगी. म्हणजे बाळंतपण."

"नागम्मा," अप्पा म्हणाले. आणि मग, "अठराची व्हती." त्यांच्या नातीचं वय तेवढंच होतं. ती दारात उभी होती.

त्यांचा मुलगा म्हणाला, "अप्पा, सकाळी जीप सांगतो. उद्या दौलतापूरला जाऊ."

"इत्तला कोनी दिली?" अप्पांनी मला विचारलं. मेल्याची खबर गावच्या बुकात कोणी येऊन लिहवली, त्याचाही रकाना असतो. मी ती ओळ मुद्दाम मागं ठेवली होती. कशी सांगावी ते मला एसटीत पाच तास बसूनही सुचलं नव्हतं.

"खाविंदानं," मी म्हणाले. "नवऱ्यानं. त्यांची सही आहे, अप्पा. तारीख सहाचीच."

अप्पांनी बोटांवर काहीतरी मोजलं, मग पुन्हा मोजलं. मेलेल्यांच्या नोंदी वाचण्यात ज्याचा जन्म गेला त्या माणसाला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"पाचला मी झालो. सहाला ती गेली. सहालाच हा तिथं हजर. वाट दोन दिवसांची, सांगावा जायला दोन अन् ह्याला यायला दोन. म्हंजे सांगाव्यावर आला न्हाई. आधीच जाऊन बसला व्हता."

"होय अप्पा."

"बायकूच्या बाळतपनाला गडी सासुरवाडीत जाऊन बसत नसतो. लोक हासले असतील त्याला. आन् आत्या म्हनायची, मातीला गेला न्हाई. म्या आयुष्यभर ते खरं धरलं. तो मरताना पानी मागत व्हता तर म्या पोराच्या हातून देवविलं."

मुलगा पुढं होऊन म्हणाला, "अप्पा, आता नका त्रास करून घेऊ. सकाळी आजीकडं जाऊ."

"जायचंच हाय," अप्पा म्हणाले. त्यांनी चाचपडत माझ्या हातातले कागद घेतले आणि छातीशी धरले. "पर पैल्यांदा आपल्या शेतात चल, बापाकडं. नव्वद वर्सं तिला धुंडून राहिलो, त्याला एकदाबी धुंडलं न्हाई. आधी त्याच्या पाया पडतो. मग त्याला घेऊन तिच्याकडं जाऊ."